उष्टं धरून

३ फेब्रुवारी

माझं वजन एकशे एक किलो आहे. हे एवढं वाक्य लिहायला मला दोन कप चहा लागला, दोन्ही साखरेचे.

आज सर्जननी रिपोर्ट टेबलावर मांडले. ताईचं आणि माझं रक्त जुळतंय. मला साखर नाही, रक्तदाब नाही, दोन्ही किडन्या ठणठणीत. मी कॉलर ताठ करून बसलो होतो. मग ते म्हणाले, "एक किडनी बहिणीला द्यायला हरकत काहीच नाही. फक्त ती ज्यांच्या आत आहे ते गृहस्थ फार मोठे आहेत." इतक्या चरबीतून कापाकापी करणं माझ्याच जिवाला बरं नाही म्हणे. नव्वदच्या खाली या, मग तारीख देतो, असं सांगून त्यांनी फाइल मिटली. शेजारी बसलेली ताई म्हणाली, "लहानपणापासून असाच आहे हो हा."

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं, आणि ते दोन्ही अर्थांनी. भाऊजी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. माझं लग्न राहूनच गेलं होतं, त्यामुळे घरात जागा होती. गेल्या वर्षापासून तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. चार तास त्या यंत्राला बांधून घ्यायचं, आणि परत आल्यावर जिना चढताना दर मजल्यावर म्हणायचं, "थांब रे ढब्बू, तुला धाप लागली असेल." धाप तिला लागलेली असते. मी थांबतो.

घरी येऊन मी स्वतःच गणित मांडलं. वजन गुणिले दहा, त्यात उंचीचा हिस्सा मिळवायचा, वयाचा वजा करायचा. नुसता श्वास घेत पडून राहिलो तरी मला अठराशे पंचेचाळीस कॅलरी लागतात. मग त्याला मेहनतीच्या आकड्याने गुणायचं. बैठं काम, हलकं काम, मध्यम काम, कष्टाचं काम. मी दिवसभर हातोडी मारतो. डोळे मिटून 'कष्टाचं' धरलं. वजन उतरावं म्हणून त्यातून पाचशे वजा केले तर उत्तर आलं दोन हजार सहाशे ऐंशी.

म्हणजे बारीक व्हायला मला आत्तापेक्षा थोडं जास्तच खावं लागणार असं दिसतंय. शास्त्र आहे, आपण कोण बोलणार.

५ फेब्रुवारी

हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ बाई आहेत. मी त्यांना मनातल्या मनात आहारबाई म्हणतो. ताईचा आहारही त्याच बघतात. माझं गणित बघून त्यांनी चष्मा काढला.

"काम काय करता?"

"खुर्च्या-सोफ्यांच्या गाद्या भरतो. दुरुस्तीचं दुकान आहे."

"म्हणजे बसून?"

"छे हो! हातोडी चालवतो, पट्टे ताणतो, कापड ओढून ठोकतो."

"बसून ओढता?"

"बसूनच."

त्यांनी 'कष्टाचं' खोडून 'हलकं' लिहिलं आणि माझे एका फटक्यात सातशेऐंशी कॅलरीचे घास काढून घेतले. दिवसाला एकोणीसशे. वर हुकूम असा की तोंडात जाईल ते सगळं वजन करून लिहायचं, अगदी चिमूटभर साखरसुद्धा.

त्यांना मी सांगितलं नाही की माझ्या धंद्यात वजन हेच भांडवल आहे. दुरुस्त झालेली प्रत्येक खुर्ची दुकानाबाहेर पडण्याआधी मी तिच्यावर बसून बघतो. माझा भागीदार सुतार आहे. प्रत्येक गोष्टीत आडवं बोलतो म्हणून सगळे त्याला पाचर म्हणतात. तो आज म्हणाला, "तू बारीक झालास तर खुर्च्यांवर काय म्हैस आणून बसवू?"

६ फेब्रुवारी

पहिला दिवस. सकाळी पावाचे दोन तुकडे, एक उकडलेलं अंडं. दुपारी दीडशे ग्रॅम भात, भाज्यांचं सूप, काकडी. चार वाजता सफरचंद. संध्याकाळी वाफवलेला मासा, पुन्हा सूप, पावाचा एक तुकडा. चहा बिनसाखरेचा, म्हणजे गरम पाण्याला रंग. एकूण अठराशे साठ.

चाळीस कॅलरी वाचल्या! स्वतःच्या पाठीवर स्वतःच थाप मारून घेतली. पाठ रुंद असल्यामुळे हात जेमतेम पोचला.

ताईचं थोडं उरलं होतं, ते संपवलं.

११ फेब्रुवारी

भात मोजताना एक शीत काट्यावरून खाली पडलं. ते परत उचलून काट्यावर ठेवलं. प्रामाणिकपणाला सीमा नाही.

ताईचं जेवण म्हणजे शिक्षा आहे. मीठ जवळजवळ बंद, पाणी दिवसाला मोजून. तिच्या ओट्यावर छोटा पेला असतो, त्यातून घोट घोट पिते. आहारबाईंनी तिला मात्र अंडी, मासा, लोणी लावलेला पाव असं भरपूर लिहून दिलंय, कारण ते यंत्र अंगातलं सत्त्वही ओढून नेतं. ती ताट भरून वाढून घेते, चार घास खाते आणि ताट माझ्याकडे सरकवते. "संपव रे, टाकवत नाही." अळणी अंडी, अळणी मासा. माझ्यासारखा खादाडच ते खाऊ जाणे.

१९ फेब्रुवारी

वजन एकशे एक किलो चारशे.

घरचा काटा बिघडलाय. दुकानातून पाच किलो खिळ्यांचं खोकं आणून त्यावर ठेवलं. काट्याने पाच किलो दाखवले. म्हणजे तो खिळ्यांच्या बाबतीत बरोबर आहे आणि फक्त माझ्याशी वाकडा आहे.

एक चांगलं झालं. पाचर सुधारला. ज्या माणसाने वीस वर्षांत मला चहा पाजला नाही, तो आठवडाभर रोज चहाबरोबर बिस्किटांचा पुडा पुढे करतोय. "खा, तोंड सुकलंय तुझं." मी दोनच घेतो आणि इमानदारीत लिहितो. पाचरच्या हट्टाखातर चार झाली तर चार लिहितो. माणसं अशी वेळेला ओळखू येतात.

२ मार्च

आहारबाईंच्या काट्यावर एकशे एक किलो नऊशे. त्यांनी मला बूट काढायला लावले, मग पट्टा, मग खिशातली मोजपट्टी. काडीचा फरक पडला नाही.

"खरं लिहिताय ना?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, शीतसुद्धा लिहिलंय."

त्यांनी सगळं वाचलं. मग एकोणीसशेचे सतराशे केले. मी त्यांना म्हटलं की आमच्या घराण्यात हाडं जड असतात. त्या म्हणाल्या, "हाडं महिन्याला नऊशे ग्रॅम वाढत नाहीत."

घरी येऊन ताईला सांगितलं. तिने डोळ्याला पदर लावला. मला वाटलं रडतेय, पण म्हणाली कांदा चिरत होते. ओट्यावर कांदा दिसला नाही, चिरून झाला असेल.

९ मार्च

सतराशेत माणूस जगतो, पण हसत नाही. आज एका गिऱ्हाइकाच्या सोफ्यात फोम भरताना तो मला केकच्या थरासारखा दिसला. हुंगून पाहिला. पाचरने बघितलं आणि मान फिरवून हातोडी मारत राहिला. तो सगळ्यांना सांगणार.

१४ मार्च

वजन एकशे दोन.

आज मी खरंच खचलो. सतराशे खाऊन माणूस फुगतो, हे शास्त्रात बसत नाही. म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे. जगातली कोट्यवधी माणसं न मागता बारीक असतात, आणि मी एका कामासाठी, एकाच माणसासाठी व्हायचं म्हटलं तर ते जमत नाही. डायलिसिसच्या नर्सबाई म्हणाल्या की ताईच्या हातातली सुया टोचायची शीर दमत चाललीय, फार दिवस साथ देणार नाही. आणि ताईचं वजन महिन्यात तीन किलोने उतरलंय. ज्याला नको त्याचं उतरतं.

जेवताना हे सगळं बोलून गेलो. ताई म्हणाली, "नसेल जमत तर सोड ना, ढब्बू. त्या यंत्राची आता सवय झालीय मला. तिथल्या खुर्चीची गादी तेवढी बदलून दे, फार टोचते."

काय मोठं मन आहे हिचं. मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःचा जीव हलका करून बोलते. मी मान खाली घालून तिचं उरलेलं संपवलं. जवळजवळ आख्खं ताटच होतं आज.

२३ मार्च

ताईला ॲडमिट केलं. शीर बंद पडली. मानेत नळी घालून तिथून डायलिसिस करतायत. तीन-चार दिवस ठेवतील. मला आत सोडलं तेव्हा म्हणाली, "फ्रिजमध्ये खीर आहे, खाऊन टाक." मानेत नळी आणि तोंडात खीर. मी तिच्यावर ओरडलो. नर्सबाईंनी मला बाहेर काढलं.

खीर खाल्ली. लिहिली. चारशे दहा. गोड लागली नाही.

२६ मार्च

घरी एकट्याला जेवण जात नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? जातं. सतराशे मोजून जातं. फक्त नंतर हात पुढे होतो आणि समोर ताट नसतं.

२८ मार्च

ताई घरी आली. मी हॉस्पिटलातच आहारबाईंना भेटून घेतलं. वजन शंभर किलो चारशे! पाच दिवसांत दीड किलोच्या वर गेलं. आहारबाई म्हणाल्या, यातलं बरंचसं पाणी असेल, पण काटा पहिल्यांदाच बरोबर दिशेला गेलाय, तेव्हा या पाच दिवसांत वेगळं काय झालं ते सांगा.

"काही नाही. तेच खाल्लं. उलट खीर जास्तीची."

"जेवायला सोबत कोण होतं?"

"कोणी नाही. ताई तर इथेच होती."

त्यांनी माझी फाइल ठेवली, ताईची उघडली, मग दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या. "तुमच्या ताईंना मी विचारते, सगळं घेता ना? त्या म्हणतात, सगळं ताटात घेते. त्या 'घेते' म्हणतात. 'खाते' म्हणाल्याचं मला आठवत नाही. ताटात उरलेलं जातं कुठे?"

"मी संपवतो. पण ते माझं नसतं, मॅडम. ते तिचं उष्टं."

"ते तुम्ही लिहिता का?"

मी हसलो. उष्टं कोण लिहितं? ते ज्याच्या ताटातलं त्याच्या खात्यावर. लहानपणी ताईच्या ताटातला शेवटचा घास माझा असायचा. तो कधी माझ्या भुकेत धरला नाही आणि तिच्या जेवणातही धरला नाही.

आहारबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कॅलरीला कळत नाही हो ती कुणाच्या ताटातून आली."

मी कपाळावर हात मारला. मोठ्याने मारला असणार, बाहेरचा शिपाई आत डोकावला. शीत उचलून मोजणारा मी, शेजारचं आख्खं ताट मोजायला विसरलो. घरी येऊन अंदाजाने बेरीज केली. माझे सतराशे, ताईच्या ताटातले आठशे-नऊशे, सतराशेच्या वर गेलेली पाचरची बिस्किटं. उष्टं धरून सव्वीसशे ऐंशीच्या आसपास. म्हणजे पहिल्या दिवशी मीच काढलेला आकडा दोन महिने बिनचूक पाळला गेला. असा आज्ञाधारक पेशंट शोधून सापडायचा नाही.

हसून झाल्यावर दुसरं लक्षात आलं. ते आठशे-नऊशे ताईच्या अंगी लागायचे होते. तिचे तीन किलो कुठे गेले ते मला आता कळलं. माझ्या पट्ट्यावर लोंबतायत.

२९ मार्च

ताईला सगळं सांगितलं. मला वाटलं पोट धरून हसेल. ती म्हणाली, "असं होय," आणि भांडी घासायला लागली. भांडी घासलेली होती.

दुपारी तिने ताट नेहमीसारखंच भरून घेतलं, चार घास खाल्ले आणि सरकवलं. मी हात मागे घेतला. "टाकू मग?" म्हणाली. अन्न टाकणं माझ्याच्याने होत नाही, हे तिला पाठ आहे. मी ताट झाकून फ्रिजमध्ये ठेवलं आणि फ्रिजकडे पाठ करून बसलो.

४ एप्रिल

फ्रिजमध्ये सहा झाकलेली ताटं. चीजचा तुकडा ठेवायला जागा नाही. तिला भूकच लागत नसेल, असा माझा अंदाज. डॉक्टरांना विचारायला हवं.

८ एप्रिल

आज पाचरने पुडा पुढे केला. मी म्हटलं, "बाबा रे, आता पुरे. तुझी माया पोचली."

"कसली माया? मला काय हौस आहे?" पाचर पाचरच. "ताई देतात आणून. डायलिसिसहून जाताना रिक्षा थांबवून पुडा हातात कोंबतात. म्हणाल्या, त्याला चक्कर येते, माझ्याकडून घ्यायचा नाही, तू दे, आणि माझं नाव काढू नकोस. मी सांगितलं नसतं, पण काल तू खुर्चीवर बसलास आणि ती कुरकुरली नाही. तेव्हा मला शंका आली की आपण काहीतरी उलटं करतोय."

मी एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या भरलेल्या खुर्चीत बसून राहिलो. स्प्रिंग टोचत होती तरी उठलो नाही. मग हातोडी ठेवली आणि घरी गेलो.

ताई दोन ताटं वाढत होती. मी विचारलं, "ताई, तू मला मुद्दाम खायला घालतेस?"

"आजवर दुसरं काय केलं?"

"मुद्दाम, ताई?"

तिने डाव खाली ठेवला. "हो, मुद्दाम."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. माझी तयारी त्याचीच होती.

"तुला त्या टेबलावर आडवा पडलेला मला बघायचं नाही," ती म्हणाली. "धडधाकट माणसाला माझ्यापायी कापायचं? तू उठलाच नाहीस तर? तुझी किडनी पोटात घेऊन मी कुणासाठी स्वयंपाक करू? सर्जनला नाही म्हणून सांगायला दोनदा गेले मी. दोनदा दारातून परत आले. कारण मला जगायचंय रे. मेल्या, मला खूप जगायचंय. तोंडाने 'नको' निघेना, म्हणून ताटाने म्हटलं."

आणि मग ती रडली. कांदा नव्हता.

अशा वेळी सुचणारे माझे सगळे विनोद आज रजेवर होते. मीही रडलो. शंभर किलोचा माणूस रडला की टेबल हलतं, तिच्या पेल्यातलं मोजलेलं पाणी सांडलं. ती म्हणाली, "बघ, सांडलंस," आणि पुसायला लागली. तेव्हा मला बोलता आलं.

"ताई, मी जन्मभर तुझं उष्टं खाल्लं. कधी नाही म्हटलं?"

"नाही."

"मग एकदा तू माझं खा. एकोणपन्नास वर्षं वापरलेली आहे ती. उष्टीच आहे."

"शी! काय बोलतोस!" ती म्हणाली, पण हसली. नाक पदराला पुसून पुन्हा हसली. मग खुर्चीवर बसली, ताट जवळ ओढलं आणि अंड्याचा अर्धा तुकडा तोंडात घातला. मी समोर बसून बघत होतो. तिला सवय राहिली नव्हती, घास घोळत होता. मासा संपवला. पाव अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा तिने हातात धरला, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलेलं असताना स्वतःच्या तोंडात घातला.

माझं जेवण चारशे साठ. उष्टं शून्य. पोटात कावळे ओरडतायत, ओरडू देत.

१७ मे

शहाण्णव किलो. ताई दीड किलोने वाढली. आहारबाई म्हणाल्या, आता दोन्ही फाइली नीट दिसतायत. पाचर म्हणतो, बिस्किटांचे उरलेले दोन पुडे त्याने एकट्याने संपवले आणि त्याचा दोष माझ्यावर आहे.

२ जुलै

ब्याण्णव किलो सहाशे. हॉटेलच्या बारा खुर्च्या आल्यात. त्यांच्यावर बसलो तर पाचर म्हणाला, "तुझ्या बसण्याला आता वजन नाही राहिलं." शेवटी फोमचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो. स्वतःचीच गेलेली ढेरी उसनी आणल्यासारखं वाटलं.

ताई ताट चाटूनपुसून ठेवते. अधूनमधून मुद्दाम शेवटचा घास हवेत फिरवते आणि माझ्या डोळ्यांदेखत गिळते. या बाईला मी वाचवायला निघालोय.

१३ ऑगस्ट

एकोणनव्वद किलो सातशे! बूट घालून. आहारबाई म्हणाल्या बूट काढा, मी म्हटलं नाही, सर्जनना बुटांसकट सांगा. तारीख मिळाली. पुढच्या महिन्यात.

घरी येताना जिन्यात ताई म्हणाली, "थांब रे, तुला धाप लागली असेल." मला लागली नव्हती. थांबलो.

११ सप्टेंबर

उद्या ऑपरेशन. दोघांनाही संध्याकाळनंतर काही खायचं नाही, म्हणून आज चार वाजताच जेवलो. शेवटी ताईच्या ताटात एक घास उरला होता. तिने तो माझ्याकडे सरकवला नाही, स्वतःही खाल्ला नाही. मग तिने त्याचे दोन भाग केले. अर्धा तिने खाल्ला, अर्धा मी. किती कॅलरी ते लिहीत नाही.

मला भीती वाटतेय. हे ताईला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, पण माझ्या पिशवीत माझी जुनी, मऊ झालेली उशी घालून ठेवली.

१४ सप्टेंबर

जागा आहे. हसू नका, टाके ओढतात, असं नर्सबाईंनी सांगितलंय, आणि त्याच नर्सबाई हसवायला येतात.

ताई पलीकडच्या खोलीत आहे, मला अजून जाता येत नाही. तिची नवी किडनी, म्हणजे माझी जुनी, टेबलावरच कामाला लागली म्हणे. आळशी माणसाच्या पोटात एवढी कामसू वस्तू होती हे कुणाला खरं वाटेल? आज सकाळी ताईला सांगण्यात आलं की आता भरपूर पाणी प्या, मोजू नका. तिने आख्खा ग्लास एका दमात संपवला, आणि म्हणे दुसरा हातात घेऊन बराच वेळ नुसती बसून राहिली.

"त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय," नर्सबाई म्हणाल्या. "मला काही अर्थ लागला नाही, जसाच्या तसा सांगते. म्हणाल्या, ढब्बूला सांगा, उष्टं आहे पण अळणी नाही."

हसलो. टाके ओढले. फार दुखलं.